वाढत्या क्रूसाला लावलेली वीत

जुन्या गोव्याला गेलो होतो, ते सांगितलं का तुम्हाला? मी आणि आई. तिथल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये एक जुना लाकडी क्रूस हाय. तिथला माणूस म्हणाला, "हा क्रूस वाढत राहतो, असं लोक मानतात."

मी पडलो सुतार. हात गप बसेना. कडेकडेनं वीत लावत गेलो आणि म्हटलं, "आई, सहा विती भरला बघ."

आईचा चेहराच उतरला. आमच्या दिग्गी गावाकडं सातेरी देवीचं वारूळ वाढतं, त्याला कुणी माप लावत न्हाई. लावलं की मोजणाऱ्याच्या घरची वाढ खुंटते म्हणतात.

"सुनेला सातवा म्हयना हाय," आई म्हणाली, "आणि तू वाढत्या देवाला वीत लावलीस?"

"अगं, तो त्यांचा देव. त्याला आपल्या घरचं काय ठावं?"

"वाढणारा देव सगळीकडं एकच."

तिनं तिथंच नाक घासलं, मलाही घासायला लावलं. परत येताना अनमोड घाटभर बायकोला फोन लाव म्हणून मागं लागली. गावात रेंज न्हाई, फोन लागतोय कुठला? मी वरवर हसत होतो, पण आईनं सांगायच्या आधीच पुन्हा फोन लावत होतो.

दोन महिन्यांनी पोरगी झाली, धडधाकट. नर्स तिला वजनकाट्याकडं न्यायला लागली. आईनं माझ्याकडं बघितलं.

मीच आडवा आलो. म्हटलं, "सिस्टर, वजन अंदाजानंच लिवा की."