डिझाइन कुणाचं

काय सांगू तुम्हाला, मी मूळची हडपसरचीच, आमचं गाव व्हतं तवाची, आमच्या वावरात कांदा निघायचा तिथं आता काचेच्या भिंतींची कंपनी उभी हाय. दहावी झाल्यावर आयटीआयला ड्राफ्ट्समनला गेले तर आत्या म्हणाली, पोरीला नकाशे काढून कुठं जायचंय. मग केबल टीव्ही आला, लोकांना चॅनेलची हौस सुटली, आणि गावातल्याच एका शेडमधी डिश अँटेना बनवायच्या तिथं मी लागले. डिशची खोली किती ठेवायची, पत्रा किती वाकवायचा, सगळं मी ठरवायची, पण नकाशाच्या कोपऱ्यात चौकट असते ना, डिझाइन कुणाचं, तिथं नाव मालकांचं. वीस वर्षं असंच. लई लागायचं मला, पण बोलले न्हाई.

मग चंद्रावर गाडी पाठवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं, त्या गाडीशी बोलायला जमिनीवर मोठी डिश पाहिजे व्हती. सहा महिने खपून डिझाइन मी केलं. आणि चंद्राचं काम म्हणून फिटरांनी पितळी ताट घासावं तशी डिश पॉलिश केली, वर मीच म्हटलं, अजून मारा, तोंड दिसलं पाहिजे. अहो, चकाकीचा काही उपयोग नसतो, आकार महत्त्वाचा, हे काय मला ठाऊक नव्हतं? ठाऊक व्हतं. हौस नडली. नेम तपासायला डिश सूर्याकडं वळवतात, वळवली, आणि आरशासारखं सगळं ऊन डिशच्या पुढ्यात दांडीवर बसवलेल्या रिसीव्हरवर गोळा झालं, त्याचं प्लॅस्टिकचं टोपण डोळ्यांदेखत वितळलं.

कंपनीचे सायेब म्हणाले, डिझाइन कुणाचं? मालक लगेच म्हणाले, बाईंचं. वा, म्हटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलंत, आता चौकटीतपण लिहा. सायेबांना म्हटलं, काम काढून नेऊ नका, चूक माझी हाय, आठ दिवस द्या, पण सुधारलेल्या नकाशावर नाव माझं पाहिजे. मालक म्हणाले, अहो बाई, परत टोपण वितळलं तर? म्हटलं, तरी माझंच ठेवा.

मग काय, सगळं पॉलिश काचपेपरनं घासून उतरवलं, माझ्या हातानं, बोटं सोलली, वर बिनचकाकीचा पांढरा रंग दिला, रंग कुठं जाड बसला तर आकार बिघडतो म्हणून साच्याची पट्टी लावून वीत न वीत तपासली. नवव्या दिवशी परत सूर्याकडं वळवली. दोन तास मी त्या टोपणावरनं नजर काढली न्हाई. काही झालं न्हाई त्याला. सायेबांनी नकाशावर सही केली, चौकटीत माझं नाव व्हतं, आख्खं, आडनावासकट.

गाडी उतरली, चालली, तिचा पहिला फोटो आमच्याच डिशवर आला, नुसती करडी माती आणि चाकाची खूण, पण मी ढसाढसा रडले. आता ती गाडी तिथंच चंद्रावरच्या थंडीत गारठून पडलीये म्हणतात. बिचारीनं काम केलं आपलं.

माझे गुडघे दुखतात, पण शेडवर रोज जाते. परवा नव्या कामाचा नकाशा झाला, तर मालकांनी ती चौकट कोरी सोडून कागद माझ्यापुढं सरकवला. मी पेन काढून त्यात माझं नाव लिहिलं. देव त्यांचं भलं करो.