जावयाचं त्रिनिदाद

नाई, तुमीच सांगा भाऊ, पोरगी पाहाले आलेला माणूस काय इचारते? सैपाक येते का, शिकली किती... बस! आमच्या कांतेले पाहाले आलेला मास्तर चहाची बशी तोंडाले लावते न् म्हणते, "मामाजी, त्रिनिदादमंदी डांबराचा तलाव हाये, माईत हाये का?" आता मले, या देवरावले, आरमोरीचा तलाव माईत! म्या म्हणलं, "मासोया भेटते का त्यात?" तं म्हणते, "नाई जी, माणसं वरून चालते!" घ्या! वेस्ट इंडिजकडचं बेट म्हणे ते. हा गडी रेडिओवर क्रिकेट आयकता आयकता तिथीच जाऊन बसला! पण पोट्टा सरकारी नोकरीतला, निर्व्यसनी, हुंड्याचं नाव नाई... म्हणलं, त्रिनिदाद गेलं चुलीत, पोरगी सुखात पडते!

मंग काय, येते तवा त्रिनिदाद! "तिथी दिवाळीची सरकारी सुट्टी असते मामाजी, होळीचा फगवा खेलते, रोटी न् आलूची भाजी खाते, कलकत्त्याहून जहाजात नेलेल्या आपल्याच मजुराइची लेकरं ते!" आमची घरवाली अंजनाबाई भोळी, म्हणते, "अगा बाई, मंग वऱ्हाडात त्याइलेबी बोलवा लागन का?"

अन् एक दिवस या मास्तर सोयऱ्यानं ढोलाची गोष्ट काढली. गुलामीतून सुटलेले लोक होते म्हणे तिथी, इंग्रजानं त्याइचे ढोल बंद केले. तं त्याईनं बांबू आपटले! मंग बिस्किटाचे डबे! मंग तेलाचे रिकामे डरम ठोकून ठोकून त्यातून सूर काढले! म्या म्हणलं, "मास्तर, हळू बोल बाप्पा, बुढा आयकन!"

काऊन? तुमाले सांगतो. आमचा बुढा, माहा बाप सोमाजी, छप्पन सालापावतर गावातल्या मोठ्या घराइच्या लग्नात डफडं वाजवे. वाजवाचं दारात, मान खाली घालून, अन् जेवण दुरून टाकलेलं. चांद्याले बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, वापस आला, न् डफडं सीधं वैनगंगेत! त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी थाळीबी वाजवत नाई. अन् या सोयऱ्याले ढोलच सापडला? त्रिनिदाद गेलं चुलीत!

लग्नाच्या दिवशी नागभीडहून बँड बोलावला होता. ऊन चढलं, पण बँड कुठी? त्याइची जीप रस्त्यात बंद पडली म्हणे! वरात शाळेपाशी अडकली, वऱ्हाडी कुरकुरून राह्यले, "देवराव, लगन हाये का मयत?" माह्या तं तोंडचं पाणी पळालं. एकुलती एक पोरगी माही, अन् मुक्यानं वरात?

गडचिरोली जिल्हा झाला तवापासून आमची सडक बनूनच राह्यली, डांबराचे रिकामे डरम पडलेच होते. नवरदेवानं पांढऱ्या सफारीतच दोन काड्या उचलल्या, अन्... धडाम्!

साऱ्याइचे डोये बुढ्यावर! बुढा उठला, काठी टेकत सीधा नवरदेवासमोर. म्हणलं, गेलं लगन! मास्तर घाबरून म्हणते, "आबाजी, ते... त्रिनिदादमंदी..."

"त्रिनिदाद गेलं चुलीत!" बुढा गरजला. "ताल चुकून राह्यला तुहा! आण इकडे काड्या!"

म्या म्हणलं, "बाबा, तुमीनं तं सोडलं होतं ना?"

"दुसऱ्याच्या दारात वाजवाचं सोडलं बे! ही वरात माह्या नातीची हाये."

अन् काय वाजवलं भाऊ! विहारापावतर सारं गाव नाचत गेलं. ल्हानपणी म्या बापाले लय डाव वाजवताना पाह्यलं, पण हासताना पह्यल्यांदाच. डोये भरले माहे, खोटं काऊन बोलू?

पण पुढचं आयका ना! डरम आला आमच्या आंगणात. आता रोज कोंबडा आरवाच्या आंधी बुढा चालू... धडाम्, धडाम्! कोंबडंबी आरवाचं इसरलं! काल मास्तर आलता, म्हणलं, "सोयऱ्या, त्या ढोल बंद करणाऱ्या इंग्रजाचा पत्ता दे मले."

तं म्हणते, "उपयोग नाई मामाजी. ढोल बंद केला तं लोकं बांबू आपटते, बांबू बंद केला तं डबे..."

म्या आंगणात पाह्यलं. बुढा अंजनाबाईचा पितळी गंज उचलून, कानाशी धरून, बोटानं टिचकी मारून पाहून राह्यला होता!

म्हणलं, ऱ्हाऊ दे बाप्पा... डरमच बरा!