दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश

वडिलांच्या दफनानंतर एंजेला पहिल्यांदाच सोनईला, त्यांच्या घरी निघाली होती. नगरच्या स्टँडवर तिच्या शेजारी कॅमेऱ्याच्या बॅगा घेऊन बापलेक बसले होते.

“सृष्टे, कॅमेरा तुझा एका कंपनीचा, फ्लॅश माझा दुसरीचा. संध्याकाळी जामखेडला लग्न हाय. नवरी अंधारात उभी करायची का?”

“अण्णा, उडतोय ना फ्लॅश!”

“उडतोय, पन फोटो बघ. माझं अर्धं तोंड काळं!”

“तुमचा कॅमेरा ह्या फ्लॅशला ओळखायचा, शटरचा वेग आपोआप आवरायचा. माझा ओळखतच न्हाई, शटर लवकर मिटतं. वेग आपनच कमी करायचा. हां, आता बघा इकडं.”

“आता आख्खा आलो. पन पांढराफटक, भुतावानी!”

“फ्लॅशचा जोरबी हातानंच कमी करू. ऑटो इसरा. हसा बरं.”

“पुढचे दात न्हाईत.”

“तरी हसा.”

फ्लॅश उडाला. एंजेलाचे डोळेही दिपले, पण तिने मान वळवली नाही.

“आयला! लई भारी, पोरी. सुरकुती न् सुरकुती आली. कुनी शिकवलं गं?”

“तुमीच. रीळवाल्या कॅमेऱ्यावर समदं हातानंच लावायचात की.”

“मी इसरलो, आन् तू ध्यानात ठेवलंस व्हय.”

बापाने फ्लॅशची बॅग आपल्या खांद्यावर घेतली.

“मंग आज स्टेजवर तू. मी मागं लाईट धरतो.”

“लोक मला इचारतील, तुझ्याबरोबर हे कोन म्हनून.”

“सांग, नवा हेल्पर ठेवलाय.”