दोर न कुजण्याचा रंग

रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर बाकावर माझ्या शेजारी दोघे खलाशी भाऊ बसले होते. धाकट्याच्या सदऱ्याला प्रदर्शनातलं पदक टाचलेलं होतं.

"ते काढून ठेव, आनंदा."

"सरकारनंच दिलंय, दादा. दोर कुजू न देणारा रंग शोधला म्हणून."

"आणि रंगाला लागणारी झाडांची साल राखीव रानातली, म्हणून खटलाही सरकारचाच."

"मी लपवलं नाय. रंगासाठी सरकारी मदत मागितली, त्या अर्जात किती झाडं सोलली तेसुद्धा लिहिलं."

"तोच अर्ज तुझ्यावर पुरावा झालाय."

"सगळं खरं लिहा, मदत मिळेल, असं प्रदर्शनातला साहेब म्हणाला होता."

"आता वकिलाचं ऐक. साल बापसानं सोलली, रंगही त्याचाच, असं सांग. मेलेल्याला तुरुंगात कोण टाकतो?"

"बापूस कशानं मेला, दादा?"

"वादळात होडीच्या नांगराचा दोर तुटला. कुजलेला होता."

"मग हा रंग त्याचा कसा म्हणू?"

"सहा महिने आत जाशील. तुझी पोरं कोण सांभाळील?"

"तूच सांभाळशील. परसात रंगाचं पिंप भरलेलं आहे. होडी बाहेर काढण्याआधी तुझे दोर त्यात बुडवून घे."

"पिंप सकाळीच शिपाई उचलून घेऊन गेले, आनंदा."

आतून आनंदाच्या नावाचा पुकारा झाला.