कटिंग मशीनवरचा दुसरा माणूस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, व्यवस्थापक साहेब, छापखान्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी,

आज ज्यांना आपण निरोप देतोय, त्या दादांनी इथे एकतीस वर्षं कागद कापला. मानपत्रात त्यांच्या 'सहकार्या'चा गौरव आहे. पाहुण्यांनी आत्ताच शब्दाची फोड केली: सह म्हणजे सोबत, आणि 'कृ' म्हणजे करणे, त्यावरून कार्य. छान सांगितलंत. मी एवढंच म्हणतो, त्यात 'सह' आधी येतो. आधी सोबती, मग काम.

आमच्या कटिंग मशीनवर हेच चालायचं. दादांनी गठ्ठा लावायचा, मी समोरून त्यांचे हात बघून 'हो' म्हणायचं, मगच पातं खाली. एकदा नेमकी मला शिंक येईना की जाईना. दादा थांबले. म्हणाले, "सावकाश शिंक रे बाबा, बोटं काही पुन्हा उगवत नाहीत." हसताय? हसा.

गेल्या वर्षी साहेबांनी मला उचलून पॅकिंगला टाकलं. एका मशीनला दोन माणसं कशाला? वर भिंतीवर हातभर पाटी लावली, 'सहकार्य करा'. कोणाशी करायचं हो, पात्याशी?

तीन महिन्यांत दादांची दोन बोटं गेली.

चौकशीच्या अहवालात आलं, दुसरा माणूस हजर होता, निष्काळजीपणा दादांचाच. तो दुसरा माणूस म्हणजे मी! मी तेव्हा पॅकिंगमध्ये खोक्यांना पट्ट्या चिकटवत होतो. साहेब म्हणाले, "इथे सही करा, जरा सहकार्य करा." मी केली. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. त्या सहीवर दादांना मुदतीआधी घरी बसवलं, आणि आज हा पुष्पगुच्छ! संताप येतो साहेब, तुमचा येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

वहिनी, दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "भावजी, तुम्ही समोर होतात ना? मग ओरडला का नाहीत?" मी मान खाली घातली. आज सांगतो, मी तिथे नव्हतो. कोणीच नव्हतं. तसं लिहून आणलंय. त्यावर सही करून ते अध्यक्षांच्या हाती देणार आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सभेनं क्षमा करावी. गप्प राहिलो त्याची क्षमा मात्र दादांकडेच मागतो.

दादा, आज समोर तुम्ही बसलात. कागद मी लावलाय. तुम्ही 'हो' म्हणा, मग सही करतो.