आईनं लिंपलेली भेग

काय सांगू तुम्हाला ताई, आमची वाडी पाटणच्या वरल्या अंगाला, पाच-धा घरं, नाचनी न वरी पिकायची, आनि आमचं घर समद्यात वर, डोंगराला टेकलेलं. मी तितंच जल्मलो. कोयनेचा भूकंप झाला तवा घराची मागली भिंत पडली, मानसं वाचली, आमी भिंत परत घातली आनि ऱ्हायलो. पन घराच्या वर डोंगराला भेग पडली व्हती, ती तशीच.

मग काही वरसांनी साहेब लोक आलं. भूकंपानं कुठला डोंगर सैल झालाय, पावसाळ्यात कुठला सुटंल, ते बघून नकाशात रंगवायचं त्यांचं काम. मी रोजावर लागलो. भेगंच्या हिकडं एक खुंट, तिकडं एक, मधलं अंतर वाढतंय का ते टेपानं मोजायचं, टेपाचं एक टोक माझ्या हातात. साहेब मानूस चांगला, आमच्याच घरची भाकरी खायचा. त्यानंच एक दिस नकाशा पसरून दावलं, सुटनाऱ्या डोंगराचा लाल रंग आमच्या उंबऱ्याच्या खाली उतरला व्हता. म्हनला, शंकर, पावसाच्या आत आईला घेऊन ओढ्यापलीकडं जा.

आई न्हाई म्हनली. आवं, आमच्यात लेकरू झालं का नाळंसंगट पडती ती त्याची वार घराच्या मागं पुरत्यात. आईची दोन लेकरं जगली न्हाईत, त्यांचं तेवढंच काय ते ऱ्हायलेलं. त्यांना हितं टाकून कुठं जाऊ, म्हनायची. आनि साहेबाला म्हनली, भेगंचं काय एवढं, लिंपून टाकीन. खरंच लिंपली बगा. सनाला घरातली भुई सारवावी तशी, माती न शेन कालवून, वाकून वाकून, हात पोचंल तितवर समदी भेग. साहेबाला हसता बी येईना न रागावता बी येईना.

थोडं दिस गेलं, लिंपन मधोमध फाटलं. आईनं परत लिंपलं, परत फाटलं, त्याच जागी. तवा ती तितंच बसली. जल्मभर सारवत आलेल्या बाईला कळतं, लिंपन वाळून तडकतं कसं न भुई सरकून फाटतं कसं. मला म्हनली, चल रं, बांधाबांध कर. निघताना मागल्या दारची मूठभर माती पदरात बांधून घेतली.

ओढ्यापल्याड आलो त्याला लय पावसाळं झालं. डोंगर काय अजून सुटला न्हाई. भावकी तोंडावर म्हनती, उगाच उठवलीस म्हातारीला. आई बी व्हती तवर रोज सकाळी वर बघायची न इचारायची, पडला का रं. न्हाई गं, म्हनलं का चुलीकडं वळायची. औंदा ती गेली. लय जिवाला लागतं, वाटतं, शेवटचं दिस तरी तिला तितं मिळायला पायजे व्हतं.

आता सकाळी मी वर बघतो. हात जोडतो, म्हनतो, आसाच उभा ऱ्हा बाबा. मला खोटा पाडलास तरी चालंल, माझ्या आईची दोन लेकरं तुझ्यापाशी हाईत.