चार पावलं

तू मशीन बघ रे, माझ्या पायाकडे काय बघतोस. पाय बिघडला म्हणून नाही बोलावलं तुला, मशीन बिघडलंय म्हणून बोलावलंय. बुधवारपासून पाणीच सोडत नाही – जरा घूं घूं करतं आणि गप्प बसतं. आत चादरी तशाच भिजत पडल्यात, आणि या घरात चादरी रोज लागतात. दार उघडायला वेळ लागला? लागला असेल. आतल्या खोलीत होतो, तिच्याजवळ. आणि खुर्चीवरून आलो कारण चाकांची खुर्ची आहे घरात – मुलीची जुनी, ऑफिसची – तर सरकत यायला काय हरकत आहे? उलट बरं पडतं. पाय साधा मुरगळलाय. काल. हातात बादली होती, बाथरूमचा उंबरा उतरताना पाय आत वळला, झालं. सत्तावीस वर्षं पी.टी.चा मास्तर होतो मी, मुरगळलेले पाय मला शिकवतोस? तू मशीनं पाहिली नसशील तेवढे मी पाय पाहिलेत.

आठवतं का, पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की तुम्हाला वर्गात बसवून मी फळ्यावर पाय काढायचो? बटाट्यासारखा निघायचा, आणि तुम्ही सगळे खिदळायचात, तू सगळ्यात जास्त. ससा म्हणायचे ना तुला? दारात पाहिल्या पाहिल्या ओळखलं मी. चालण्यावरून – म्हणजे, चेहऱ्यावरून. चेहऱ्यावरूनच. तर तेव्हा काय सांगायचो मी? सुजेला घाबरायचं नाही, काळंनिळं झालं म्हणून बोंब मारायची नाही, साधं मुरगळलं तरी तेवढं होतंच. बघायच्या गोष्टी दोन. घोट्याचं जे हाड वर आलेलं असतं, आतलं आणि बाहेरचं, त्याच्या मागच्या कडेवर बोट दाबायचं, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तोही दाबायचा. नेमकं हाडावरच कळ आली तर घरगुती उपाय बंद, एक्स-रे. आणि दुसरं, चार पावलं. कुठेही न धरता, त्या पायावर भार देऊन. पडली तर बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, पट्टी बांधा, दोन-तीन दिवस बघा. नाही पडली तर त्याच दिवशी डॉक्टर. पोरंसोरं पाठ म्हणायची. अजूनही रस्त्यात कोणी भेटलं की म्हणतं, सर, चार पावलं. माझी एवढीच कमाई.

टाकली की. मी टाकली ना चार पावलं. पलंगापासून कपाटापर्यंत. कपाटाला हात लागला असेल, आता कपाट तिथेच आहे त्याला मी काय करू?

जरा हळू आपट ते झाकण, ती झोपलीय. हो, तुमच्या बाईच. तुला चित्रकलेला होत्या ना? तीन वर्षं झाली, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बाकी सगळं कळतं तिला, माझ्यापेक्षा जास्त कळतं. मनगटावर दोनदा बोट वाजवलं की पाणी. बाही ओढली की कुशीवर वळव. डोळे मिटून मान फिरवली की तुझी बडबड पुरे. ही शेवटची खूण दिवसातून दहा वेळा होते. सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर – तिचा डावा हात माझ्या गळ्यात, माझे दोन्ही हात तिच्या पाठीमागे, आणि मी मोजतो एक, दोन, तीन, उठ. कवायतीसारखं. तिला हसू येतं त्याचं, अर्ध्या तोंडाने हसते. बाई ठेवून पाहिली, दोन ठेवल्या, त्या बोट वाजलेलं बघतच नाहीत, फोनमध्ये डोकं. मग मीच. आणि मी धडधाकट आहे. मुलीशी तसंच ठरलंय – बाबा, तुम्ही धड आहात तोवर आई घरी. आणि नाही राहिलात तर एक जागा बघून ठेवलीय मी, आजारी माणसं सांभाळतात तिथे. तसं वाईट नाही बोलली ती, रडत बोलली. ती तरी काय करणार, तिकडे नोकरी, दोन लहान मुलं, दर महिन्याला सहा तास गाडीत बसून येते बिचारी. आज येतेय. पाच वाजता.

काय सापडलं? पंपात? आण इकडे. हं. क्रेप बँडेजची क्लिप. हीच का अडकून बसली होती? चादरींबरोबर बँडेजही टाकलं होतं मी धुवायला, ती राहिली असेल लागून. एवढीशी वस्तू आणि अख्खं मशीन बंद, कमाल आहे. चला, सुटलो – काय? हो, मशीन बुधवारी बंद पडलं. मग? मग बँडेज बुधवारच्या आधीचं, आणि पाय म्हणे काल मुरगळला. फार हुशार झालास रे. गणितात पस्तीस मिळाले की मिठाई वाटायचास. रविवारी मुरगळला. रविवारी सकाळी. झालं समाधान? पाच दिवस म्हणजे काही फार नाही, माझ्या वयाला – बरं, सूज उतरायला हवी होती, ते मला कळतं. दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर दाखवा, हेही मीच सांगायचो. तूही आता मलाच पाठ म्हणून दाखव.

ती जागा मी पाहून आलोय, मागच्या वर्षी. स्वच्छ आहे. लांबलचक खोली, बारा पलंग, समोर टीव्ही दिवसभर चालू. तिथली मुलगी चांगली होती, नीट बोलली माझ्याशी. पण एक म्हातारी होती खिडकीजवळ, तिचा हात सारखा पलंगाच्या दांडीवर – टकटक, टकटक. मी विचारलं, यांना काय हवंय? ती मुलगी म्हणाली, काही नाही काका, सवय आहे त्यांना. सवय आहे. मी घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी. हिच्या बोटाकडे कोण बघणार तिथे? आता समज, मी गेलो डॉक्टरकडे, आणि त्यांनी म्हटलं फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही. सहा आठवडे ही कुठे? तिथे. आणि एकदा तिथे गेलेलं माणूस कोणी परत आणतं का रे? म्हणून नाही गेलो. न कळून नाही गेलो, कळून नाही गेलो. म्हणून तर रोज सकाळी हाडाच्या मागच्या कडेवर बोट ठेवतो आणि दाबतच नाही.

काल – काल ती पडली नाही, आधीच सांगतो. घसरली. एक, दोन, तीन म्हटलं, उठवलं, आणि डाव्या पायात काही राहिलंच नाही माझ्या. तिला घेऊनच खाली बसलो मी, पलंगाला पाठ लावून, ती माझ्या मांडीवर. तिला कुठे लागलं नाही, मी सगळीकडे चाचपून पाहिलं. पण उठता येईना. दीड तास बसलो तसेच, दुपारी. फोन स्वयंपाकघरात. तिने मनगटावर दोनदा बोट वाजवलं, आणि पाणी चार हातांवर होतं, स्टुलावर. मी म्हटलं थांब हं, देतो. तिने परत वाजवलं. मग वाजवायचं बंद केलं. मला घाम फुटला होता, आणि ती माझा घाम पुसत होती, तिच्या एका हाताने. हे मुलीला सांगायचं नाही. तुला का सांगितलं कोण जाणे. तोंडातून निघालं. विसर.

कुठे फिरवायचं बटण? हे? चालू झालं की. बघ, पाणी सोडलं. शाबास. दोन तासांत चादरी दोरीवर, पाच वाजेपर्यंत घर लख्ख, मी असा या खुर्चीत पेपर घेऊन – काय म्हणालास?

चालून दाखवू?

हे बघ ससा, तुझा राग असेल माझ्यावर तर आज काढू नकोस. तुला वाटत असेल सर विसरले. रिलेच्या आदल्या दिवशी तुझा पाय मुरगळला, तू म्हणालास, सर, काही नाही, पळतो मी. मी म्हटलं चार पावलं टाक. तू टाकलीस. तिसऱ्यालाच तुझा चेहरा पांढरा पडला होता. शेवटच्या टप्प्याला मला दुसरा पळणारा नव्हता, आणि चषक आमच्या शाळेत कधी आलाच नव्हता. तर चौथं पाऊल पडताना मी मान वळवली. घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चार, पास. तू कसं टाकलंस ते मी पाहिलंच नाही. आजतागायत कोणाला सांगितलं नाही हे, बाईंनाही नाही. चषक आला, आणि तू तेव्हापासून असा चालतोस.

बरं. मोज. मला धरायचं नाही, लांब उभा राहा, त्या मशीनपाशी. खुर्ची मागे घे. मागे घे म्हटलं ना, कपाटही लांबच आहे.

एक. – बघ. –

दोन. – जरा थांब. श्वास घेतो, श्वास घ्यायला बंदी नाही –

ससा, तिकडे बघ ना जरा. खिडकीकडे. एकच क्षण. मी बघितलं होतं का तुझ्याकडे?

नाही बघत?

बरं. आण ती खुर्ची इकडे, आणि माझा फोन दे. मुलगी निघाली असेल, तिला म्हणावं आधी मला डॉक्टरकडे घेऊन जा. तोवर तू आत बस. दोनदा वाजवलं की पाणी.